बांधकाम कंपनीचा शेअर घेण्याआधी तिचा कारभार कसा वाचायचा

रस्ते, पूल, मेट्रो, धरणं बांधणाऱ्या सूचीबद्ध कंपन्यांत पैसे घालताना नवखा माणूस साधारण दोनच आकडे बघतो. हातात किती हजार कोटींची कामं आहेत आणि गेल्या तिमाहीत नफा किती झाला. दोन्ही आकडे नियमाप्रमाणे जाहीर झालेले असू शकतात आणि तरीही कंपनी आतून पोखरलेली असू शकते. आयव्हीआरसीएल आणि पुंज लॉइड ही एकेकाळी बाजाराची लाडकी नावं. पहिली २०१८ मध्ये दिवाळखोरी न्यायाधिकरणात गेली, दुसरी २०१९ मध्ये. दोघींकडे कामांची कमतरता कधीच नव्हती.

डीमॅट खातं आहे, वार्षिक अहवालाची पीडीएफ उघडता येते, पण साडेतीनशे पानं बघून पुढे काय करायचं ते सुचत नाही, अशांसाठी हा लेख आहे. मी एका ठेकेदार कंपनीच्या बिलिंग विभागात काम केलेला माणूस आहे, गुंतवणूक सल्लागार नाही. कुठला शेअर घ्या किंवा विका हे मी सांगणार नाही. कंपनीत ‘नाही’ म्हणणारं कोणी आहे का, आणि असलं तर त्याचं ऐकलं जातं का, एवढंच कागदांवरून कसं शोधायचं ते सांगतो.

आधी नफा कसा तयार होतो ते बघा

साबणाच्या कंपनीत वडी विकली की विक्री झाली. इथे तसं नाही. तीन वर्षांच्या कामात बिल तुकड्यातुकड्याने निघतं, त्याला आरए बिल म्हणतात. साईट इंजिनिअर मोजमाप घेतो, एमबीत म्हणजे मोजमाप पुस्तिकेत नोंद होते, क्लायंटचा इंजिनिअर ती तपासतो, दोन बाबींवर लाल रेघ मारतो, उरलेलं मंजूर होतं. मंजूर रकमेतून रिटेन्शन, म्हणजे क्लायंटने हमी म्हणून राखून ठेवायची रक्कम, कापलं जातं, कामाच्या सुरुवातीला दिलेल्या मोबिलायझेशन ॲडव्हान्सची वसुली होते, टीडीएस जातो आणि मग बँकेत पैसे येतात. सरकारी काम असेल तर ‘मग’ या शब्दात दोन महिनेही मावतात आणि आठही.

हिशेबाची वही मात्र बिलासाठी थांबत नाही. १ एप्रिल २०१८ पासून लागू असलेल्या इंड एएस ११५ या हिशेबाच्या मानकाप्रमाणे काम जसजसं पुढे जातं तसतसं उत्पन्न धरलं जातं. काम किती पुढे गेलं हे ठरवण्याची रूढ पद्धत म्हणजे आजवर झालेला खर्च भागिले एकूण अपेक्षित खर्च.

एक काल्पनिक उदाहरण कागदावर मांडून बघा. ५०० कोटींचं कंत्राट आहे. कंपनी म्हणते, एकूण खर्च ४५० कोटी होईल. आजवर १८० कोटी खर्च झालेत, म्हणजे काम ४० टक्के झालं. उत्पन्न २०० कोटी, नफा २० कोटी. आता साईटवर काहीही न बदलता फक्त ४५० च्या जागी ५०० लिहा. काम ३६ टक्के झालं, उत्पन्न १८० कोटी, नफा शून्य. ५२० लिहिलं तर अख्ख्या कंत्राटावर होणारा २० कोटींचा तोटा आत्ताच वहीत धरावा लागतो. तोच स्लॅब, तेच सेंटिंग, तेच मजूर. एका आकड्याने नफ्याचा तोटा होतो, आणि तो आकडा कंपनीच्या माणसांनी अंदाजाने लिहिलेला असतो.

शिवाय ४५० चा अंदाज धरला तरी आजवरच्या कामापैकी क्लायंटने समजा १५० कोटींचीच बिलं मंजूर केलीत. वहीत उत्पन्न २००, बिलं १५०. मधले ५० कोटी ताळेबंदात ‘काँट्रॅक्ट ॲसेट’ किंवा ‘अनबिल्ड रेव्हेन्यू’ या नावाने बसतात. हा आकडा विक्रीपेक्षा वेगाने वाढत असेल तर तिथे पेन्सिलने खूण करा.

बांधकाम कंपनीच्या कारभाराचा सगळा प्रश्न त्या ४५० भोवती फिरतो. तो आकडा कोण ठरवतं, कोण तपासतं, आणि तो बदलायला लावायची हिंमत कोणात आहे? पुढच्या सगळ्या पायऱ्या याच प्रश्नासाठी आहेत.

कागद गोळा करा

सगळं फुकट मिळतं. बीएसई आणि एनएसईच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या पानावर वार्षिक अहवाल, दर तिमाहीचा भागधारणेचा तक्ता, कंपनी कारभाराचा तिमाही अहवाल आणि कंपनीने वेळोवेळी कळवलेल्या घडामोडी असतात. गेली तीन वर्षं तरी उतरवून घ्या, कारण एका वर्षाच्या अहवालात सगळंच ठीक दिसतं. तिमाही निकालांनंतर विश्लेषकांशी होणाऱ्या कॉलची शब्दशः नोंदही तिथेच सापडते.

एक कागद मात्र बहुतेक जण विसरतात. पतमानांकन संस्थेचं टिपण. क्रिसिल, इक्रा, केअर यांच्या संकेतस्थळांवर कंपनीच्या नावाने शोधलं की तीन-चार पानांचं टिपण मिळतं. कर्ज देणाऱ्याच्या नजरेतून लिहिलेलं असल्यामुळे त्यात गुळमुळीतपणा कमी असतो. कंपनीच्या मानांकनापुढे ‘इश्युअर नॉट कोऑपरेटिंग’ असा शेरा दिसला, म्हणजे कंपनी मानांकन संस्थेला माहितीच देत नाही, तर माझ्या मते पुढे वाचायची गरज उरत नाही. बँकांना ज्याच्यावर अवलंबून राहायचं त्या संस्थेला जी कंपनी आकडे देत नाही, ती तुम्हाला काय देणार?

वार्षिक अहवाल मागून पुढे वाचा

अध्यक्षांचं पत्र, पुलांचे ड्रोनने काढलेले फोटो, सामाजिक कार्याच्या गोष्टी हे सगळं शेवटी बघितलं तरी चालतं. पहिल्यांदा लेखापरीक्षकाचा अहवाल काढा, आणि एकट्या कंपनीचा नव्हे, एकत्रित म्हणजे उपकंपन्या धरून केलेल्या खात्यांवरचा.

सगळ्यात आधी मत कसं आहे ते बघा. ‘क्वालिफाइड’ असेल तर परीक्षकाने एखाद्या आकड्यावर सही करायला नकार दिलेला आहे. त्याखालचा परिच्छेद शब्दन् शब्द वाचा. ‘एम्फसिस ऑफ मॅटर’ म्हणजे आकडा मान्य, पण वाचकांनो इकडे लक्ष द्या. ‘गोइंग कन्सर्न’बद्दल अनिश्चिततेचा परिच्छेद असेल तर कंपनी पुढे चालेल की नाही याचीच परीक्षकाला खात्री नाही.

पुढे ‘की ऑडिट मॅटर्स’, म्हणजे परीक्षकाने सगळ्यात जास्त लक्ष घातलेले मुद्दे, येतात. बांधकाम कंपनीत तिथे जवळजवळ ठरलेल्या दोन गोष्टी असतात, कंत्राटाचं उत्पन्न कसं धरलं आणि जुनी येणी वसूल होतील का. बऱ्याच अहवालांत हा मजकूर वर्षानुवर्षं तोच चिकटवलेला दिसतो. दोन वर्षांचे अहवाल शेजारी ठेवा आणि काय बदललं ते शोधा. नवीन आलेलं वाक्य बहुधा कुणीतरी भांडून घातलेलं असतं.

त्याच अहवालात ‘अदर मॅटर’ नावाचा एक शांत परिच्छेद असतो. मुख्य परीक्षकाने अमुक इतक्या उपकंपन्यांचे आणि संयुक्त उपक्रमांचे हिशेब स्वतः तपासलेले नाहीत, दुसऱ्या परीक्षकांवर विसंबला आहे, असं त्यात लिहितात, आणि त्यांची मालमत्ता किती कोटींची हेही देतात. रस्त्याच्या प्रत्येक प्रकल्पासाठी वेगळी कंपनी काढायची या धंद्यात रीतच आहे, त्यामुळे असा परिच्छेद असणं गैर नाही. पण एकूण मालमत्तेचा मोठा हिस्सा मुख्य परीक्षकाने पाहिलेलाच नसेल, किंवा काही संयुक्त उपक्रमांचे हिशेब कुणीच न तपासलेले, नुसते ‘व्यवस्थापनाने प्रमाणित केलेले’ असतील, तर तुमच्या हातातला नफा तेवढा कच्चा.

अहवालाला जोडलेल्या परिशिष्टात कॅरो २०२० या, परीक्षकाने कशाकशावर लिहायचं ते ठरवणाऱ्या सरकारी आदेशाखालची उत्तरं असतात. त्यातला एक मुद्दा मला फार आवडतो. ज्या कंपन्यांना बँकेकडून ५ कोटींहून जास्त खेळतं भांडवल मंजूर आहे, त्यांनी बँकेला दर तिमाहीला दिलेली माल आणि येण्यांची विवरणपत्रं वहीशी जुळतात का, हे परीक्षकाला लिहावं लागतं. बँकेला एक आकडा आणि वहीत दुसरा, असं निघालं तर फरकाचा तक्ता तिथे छापलेला असतो. फरक एकदा पडला तर कारण वाचा. दर तिमाहीला आणि एकाच दिशेने पडत असेल तर कारण वाचायची तसदी नको. भविष्य निर्वाह निधी, जीएसटी वेळेवर भरला का हेही त्याच परिशिष्टात आहे. मजुरांचा पीएफ थकवून लाभांश वाटणारी कंपनी दिसली तर मला आणखी पुरावा लागत नाही.

परीक्षक मध्येच सोडून गेला का, तेही बघा. कायद्याने परीक्षक संस्थेला पाच-पाच वर्षांच्या दोन कारकिर्दी मिळतात, मग बदल सक्तीचा. ती मुदत संपण्याआधी ‘कामाच्या व्यापामुळे’ राजीनामा आला असेल तर राजीनाम्याचं पत्र शेअर बाजाराच्या पानावर शोधून वाचा. मोठी संस्था गेली आणि तिच्या जागी कधी नाव न ऐकलेली आली, हा बदल फार बोलका असतो.

येणी, दावे आणि हमी

आता खात्यांच्या टिपा. येण्यांच्या टिपेत वयाप्रमाणे तक्ता असतो: सहा महिन्यांच्या आतली, वर्षाच्या आतली, दोन वर्षांची, तीन वर्षांची आणि त्याहून जुनी. त्यातही वादग्रस्त वेगळी दाखवतात. २०२१–२२ पासून हा तक्ता सक्तीचा झाला आणि आमच्यासारख्यांचं काम निम्मं झालं. तीन वर्षांहून जुन्या रकमांपुढे, त्या बुडतील असं धरून, किती तरतूद केली आहे तेवढं बघा.

इथे एक सावधगिरी. जुनं येणं म्हणजे खोटं येणं असं नाही. सरकारी खात्याने जागा वेळेवर दिली नाही, नकाशे बदलले, काम लांबलं, ठेकेदाराने जादा खर्चाचा दावा लावला, लवादाने निकाल बाजूने दिला आणि खातं कोर्टात गेलं. हे या धंद्यात रोजचं आहे. ऑगस्ट २०१६ मध्ये केंद्र सरकारने ठरवलं की लवादाचा निकाल ठेकेदाराच्या बाजूने लागला आणि खात्याने त्याला आव्हान दिलं, तर ७५ टक्के रक्कम बँक गॅरंटी घेऊन द्यायची. कंपनीच्या बँक खात्यात पैसे दिसतात, पण उद्या वरच्या कोर्टात निकाल फिरला तर गॅरंटी वटवली जाते. म्हणून ‘लवादातून इतके कोटी आले’ या बातमीवर टाळ्या वाजवण्याआधी ते अंतिम आहेत की गॅरंटीवर, ते टिपांमध्ये शोधा. आणि दावा दाखल करताच कंपनी त्याचं उत्पन्न धरते की निकाल हाती आल्यावर, हे हिशेबाच्या धोरणांच्या टिपेत एका वाक्यात लिहिलेलं असतं.

मग ‘आकस्मिक दायित्वं’, म्हणजे आज द्यावी लागत नाहीत पण उद्या अंगावर येऊ शकतात अशी देणी. उपकंपन्यांच्या कर्जाला मूळ कंपनीने दिलेल्या हमी इथे सापडतात. आपल्याकडचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. वालचंद हिराचंद यांनी १९२६ मध्ये सुरू केलेली हिंदुस्थान कन्स्ट्रक्शन म्हणजे एचसीसी, बोरघाटातल्या रेल्वे बोगद्यांपासून वांद्रे–वरळी सागरी सेतूपर्यंत कामं केलेली कंपनी. तिची उपकंपनी लवासा वरसगावच्या डोंगरात शहर वसवायला गेली आणि ऑगस्ट २०१८ मध्ये दिवाळखोरी प्रक्रियेत दाखल झाली. लवासाच्या कर्जापायी दिलेल्या हमींचा भार मूळ कंपनीच्या डोक्यावर पुढे कित्येक वर्षं राहिला. पूल बांधण्यातलं कौशल्य तिथे काही कामाला आलं नाही. तेव्हा कुठल्याही बांधकाम कंपनीच्या बाबतीत बेरीज करून ठेवा: उपकंपन्यांत घातलेलं भांडवल, त्यांना दिलेली कर्जं आणि त्यांच्यासाठी दिलेल्या हमी. ही बेरीज कंपनीच्या निव्वळ मालमत्तेच्या किती पट आहे?

संचालक मंडळ: नियम आणि वास्तव

सेबीचे २०१५ चे सूचीबद्धतेचे नियम, ज्यांना सगळे एलओडीआर म्हणतात, थोडक्यात असं सांगतात. मंडळातले निम्मे तरी संचालक रोजच्या कारभारात नसलेले हवेत. अध्यक्ष कार्यकारी किंवा प्रवर्तकांच्या, म्हणजे कंपनीवर ताबा असलेल्या मूळ मालकांच्या, गोतातला असेल तर निम्मे स्वतंत्र, म्हणजे कंपनीशी किंवा प्रवर्तकांशी हितसंबंध नसलेले हवेत, नसेल तर एकतृतीयांश. बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांत किमान एक स्वतंत्र महिला संचालक हवी. लेखापरीक्षण समितीत किमान तिघे, दोनतृतीयांश स्वतंत्र, अध्यक्ष स्वतंत्र. मंडळाच्या वर्षाला किमान चार बैठका, दोन बैठकांत १२० दिवसांहून जास्त अंतर नको.

हे सगळं जवळजवळ प्रत्येक कंपनी पाळते, त्यामुळे त्यावरून फारसं काही कळत नाही.

सत्यमचं प्रकरण म्हणून तर पुन्हा वाचावं. बहुतेकांना ते सॉफ्टवेअर कंपनीचा घोटाळा म्हणून आठवतं, पण तो फुटला बांधकामाच्या दारात. १६ डिसेंबर २००८ रोजी सत्यमच्या मंडळाने संस्थापक रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्याच दोन कंपन्या, मेटास प्रॉपर्टीज आणि शेअर बाजारात नोंदलेली मेटास इन्फ्रा, सुमारे १६० कोटी डॉलरला घ्यायचं ठरवलं. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, हैदराबादच्या नावाजलेल्या व्यवस्थापन संस्थेचे अधिष्ठाता होते, देशाचे माजी कॅबिनेट सचिव होते. ठराव मंजूर झाला. रोखला तो गुंतवणूकदारांनी: काही तासांत इतका गदारोळ झाला की कंपनीला सौदा मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९ ला सत्यमचे हिशेब फुगवल्याचं राजूंचं कबुलीपत्र आलं. त्यात त्यांनीच लिहिलं की मेटासचा सौदा म्हणजे खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणण्याचा शेवटचा प्रयत्न होता.

गोष्ट तिथेही संपली नाही. मेटास इन्फ्रा पुढे पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या आयएल अँड एफएस समूहाकडे गेली आणि तिचं नावही बदललं. २०१८ मध्ये सुमारे ९१,००० कोटींच्या कर्जाखाली तो समूह कोसळला, १ ऑक्टोबरला सरकारने मंडळ बरखास्त करून उदय कोटक यांच्या अध्यक्षतेखाली नवं मंडळ बसवलं. जुन्या मंडळाच्या जोखीम व्यवस्थापन समितीची २०१५ ते २०१८ या काळात एकच बैठक झाली होती, हे मागाहून बाहेर आलं. समिती होती, तिच्यावर माणसंही होती.

म्हणून नावांच्या पाटीवर वेळ घालवू नका. कारभार अहवालातले तीन तपशील बघा. एक, कोण किती बैठकांना हजर होता. दुसरा, स्वतंत्र संचालक आणखी किती कंपन्यांवर आहे. नियम सात सूचीबद्ध कंपन्यांपर्यंत परवानगी देतो, पण सात कंपन्यांच्या लेखापरीक्षण समित्यांचे कागद एक माणूस खरंच वाचतो का, याचा तुम्हीच विचार करा. आणि तिसरा, त्याला या धंद्यातलं काही कळतं का. लेखापरीक्षण समितीत निवृत्त सनदी अधिकारी, डॉक्टर आणि कुलगुरू बसलेले असतील तर त्या ४५० कोटींच्या अंदाजाला प्रश्न कोण विचारणार? निविदा भरलेला, दरपृथक्करण म्हणजे एकेका बाबीच्या दराचं गणित मांडलेला एक तरी माणूस तिथे हवा.

स्वतंत्र संचालकाचा राजीनामाही परीक्षकाच्या राजीनाम्याइतकाच महत्त्वाचा. नियमाप्रमाणे सात दिवसांत सविस्तर कारण आणि ‘याखेरीज दुसरं महत्त्वाचं कारण नाही’ अशी पुष्टी कळवावी लागते. वैयक्तिक कारणासाठी एक गेला तर मान्य. सहा महिन्यांत तिघांची वैयक्तिक कारणं उपटली तर?

प्रवर्तक नसलेली कंपनी आपोआप निर्दोष असते, असंही समजू नका. एल अँड टीला आज प्रवर्तक नाही. २००३–०४ मध्ये सिमेंट व्यवसाय ग्रासिमकडे गेला तेव्हा ग्रासिमचा हिस्सा कर्मचाऱ्यांच्या ट्रस्टने घेतला आणि कंपनी व्यावसायिक व्यवस्थापकांच्या हाती राहिली. आपल्याकडे हा नमुना दुर्मीळ आहे, आणि मला तो आवडतोही. पण जानेवारी २०१९ मध्ये त्याच कंपनीचा ९,००० कोटींचा शेअर पुनर्खरेदीचा प्रस्ताव सेबीने परत पाठवला, कारण एकत्रित खात्यांप्रमाणे कर्जाचं प्रमाण ठरलेल्या मर्यादेपलीकडे जात होतं. चांगल्या घरालाही बाहेरच्या नजरेची गरज असते.

घरातल्या घरात होणारे व्यवहार

आता या धंद्यातली खरी गळती कुठून होते ते सांगतो. सूचीबद्ध कंपनीत साधारण निम्मे शेअर बाहेरच्यांचे. प्रवर्तकाची शंभर टक्के मालकीची दुसरी कंपनी असते. ती क्रेन आणि काँक्रीट बनवणारे बॅचिंग प्लँट भाड्याने देते, खडी पुरवते, किंवा मुख्य कामाचा एक तुकडा उपकंत्राट म्हणून घेते. भाड्याचा दर बाजारापेक्षा थोडा जास्त ठेवला की साईटचा नफा हळूच एका खिशातून दुसऱ्या खिशात जातो. चोरी म्हणावी असं काहीच घडत नाही, सगळ्याची बिलं असतात.

खात्यांच्या टिपांमध्ये ‘रिलेटेड पार्टी’ म्हणजे संबंधित पक्ष या नावाची टीप असते. तीन वर्षांच्या टिपा शेजारी ठेवून प्रत्येक नावापुढचा आकडा उतरवा. उपकंत्राट, भाडं, दिलेली आगाऊ रक्कम, कर्ज, हमी. आगाऊ रक्कम तीन वर्षं तशीच पडून असेल आणि तिच्यापोटी काम आलेलं नसेल, तर ते बिनव्याजी कर्ज आहे, नाव काहीही द्या. अशा सगळ्या व्यवहारांना लेखापरीक्षण समितीच्या फक्त स्वतंत्र सदस्यांची मंजुरी लागते. मध्यम आकाराच्या कंपनीत व्यवहार एकत्रित उलाढालीच्या १० टक्क्यांपलीकडे गेला तर भागधारकांचीही मंजुरी लागते, आणि त्या ठरावाच्या बाजूने संबंधित पक्षांना मत देता येत नाही. म्हणजे तिथे तुमच्या-माझ्यासारख्यांचीच मतं मोजली जातात. ९.६ टक्क्यांवर थांबलेला व्यवहार दिसला तर समजून जा.

भागधारणेच्या तक्त्यात प्रवर्तकांच्या तारण शेअर्सचा रकाना बघा. प्रवर्तकाच्या हिश्शापैकी निम्म्याहून जास्त किंवा कंपनीच्या एकूण भांडवलाच्या २० टक्के शेअर अडकले तर कारण जाहीर करावं लागतं, ते वाचा. कंपनीच्याच कर्जाची पुनर्रचना करताना बँकांनी शेअर मागून घेतले असतील तर एक अर्थ होतो. दुसऱ्या खासगी धंद्यासाठी प्रवर्तकाने ते गहाण टाकले असतील तर वेगळा, आणि तो वाईट. भाव पडला की सावकार शेअर विकतो, भाव आणखी पडतो, आणि व्यवस्थापन साईट सोडून शेअरचा भाव सांभाळत बसतं.

साईटवरचा कारभार

कारभार म्हणजे फक्त बैठकीची खोली नव्हे. ३१ मार्च २०१६ ला कोलकात्यात विवेकानंद रोडचा बांधकाम चालू असलेला उड्डाणपूल कोसळून २५ हून जास्त माणसं दगावली. ठेकेदार होती सुरुवातीला उल्लेख केलेली आयव्हीआरसीएल, आणि तिच्या अधिकाऱ्याची पहिली प्रतिक्रिया ‘देवाची करणी’ अशी होती. आपल्याकडे १ ऑगस्ट २०२३ च्या पहाटे शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलावर गर्डर लाँचर, म्हणजे पुलाच्या तुळया चढवणारं यंत्र, कोसळून मजूर आणि इंजिनिअर गेले. अशा अपघातांनंतर कामबंदी येते, नव्या निविदांसाठी बंदी येते, गॅरंट्या वटवल्या जातात.

पहिल्या १,००० सूचीबद्ध कंपन्यांना बीआरएसआर नावाचा, व्यवसायातली जबाबदारी आणि शाश्वतता यांवरचा अहवाल द्यावा लागतो. त्यात वर्षभरातले मृत्यू आणि जखमींचे आकडे कर्मचारी आणि कामगार असे वेगळे असतात. मृत्यू शून्य दाखवलेत आणि त्याच वर्षी वर्तमानपत्रात त्या कंपनीच्या साईटवरच्या अपघाताची बातमी आहे, असं निघालं तर उपकंत्राटदाराचे मजूर मोजलेच गेलेले नाहीत. सुरक्षेचा आकडा लपवणारे हात नफ्याच्या आकड्याशी प्रामाणिक असतील, यावर माझा विश्वास बसत नाही.

बंदी, दंड, काळ्या यादीत टाकल्याच्या नोटिसा या गोष्टी शेअर बाजाराला कळवाव्या लागतात. नवं काम मिळाल्याची पत्रं कंपनी मथळ्यात ‘बॅग्ज ऑर्डर’ लिहून पाठवते, नोटिशीचं पत्र मात्र ‘नियम ३० खालील माहिती’ एवढ्याच नावाने येतं. तीच पत्रं उघडा.

राजकीय देणग्यांचाही एक रकाना बघून ठेवा. मार्च २०२४ मध्ये निवडणूक रोख्यांची यादी जाहीर झाली तेव्हा देणगीदारांत दुसऱ्या क्रमांकावर हैदराबादची मेघा इंजिनिअरिंग होती, सुमारे ९६६ कोटींसह. ती सूचीबद्ध नाही. पण ज्यांचा एकमेव ग्राहक सरकार आहे अशा धंद्यात सूचीबद्ध कंपनीनेही काय दिलं हे भागधारकाला ठाऊक असायला हवं.

मत द्या आणि प्रश्न विचारा

वार्षिक सर्वसाधारण सभेची सूचना ईमेलवर येते आणि आपण ती न उघडता सोडून देतो. आपले डीमॅट शेअर सांभाळणाऱ्या एनएसडीएल किंवा सीडीएसएलच्या संकेतस्थळावर मत द्यायला पाच मिनिटं लागतात. मतदान निदान तीन दिवस चालू असतं आणि सभेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी ५ वाजता बंद होतं. सूचनेत प्रत्येक ठरावामागचं स्पष्टीकरण असतं. प्रवर्तक-संचालकाचं वेतन, संबंधित पक्षांचे व्यवहार, स्वतंत्र संचालकाची नेमणूक, एवढे ठराव तरी वाचा. स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला विशेष ठराव लागतो, म्हणजे पडलेल्या मतांपैकी पाऊण मतं बाजूने हवीत. प्रवर्तकाकडे ५० टक्के असले तरी बाहेरचे एकत्र आले तर तो ठराव पडू शकतो.

सभेनंतर कामकाजाच्या दोन दिवसांत निकाल जाहीर होतो आणि त्यात प्रवर्तक, संस्था आणि इतर यांची मतं वेगळी दाखवतात. ठराव मंजूर झाला तरी म्युच्युअल फंड आणि विमा कंपन्यांपैकी बहुसंख्यांनी विरोधात मत दिलेलं असेल, तर कारण शोधायला लागा. मुंबईतल्या आयआयएएस आणि एसईएस या सल्लागार संस्था अशाच ठरावांवर मत नोंदवतात.

सभेत बोलायचं असेल तर सूचनेत दिलेल्या मुदतीत वक्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. तिथे ‘संचालक मंडळाचं अभिनंदन, यंदा लाभांश वाढवा’ असं बोलणारे भरपूर असतात. तुम्ही प्रश्न आधीच कंपनी सचिवांना लेखी पाठवा आणि टीप क्रमांकासकट विचारा. उदाहरणार्थ: ‘एकत्रित खात्यांच्या येण्यांच्या टिपेत तीन वर्षांहून जुनी वादग्रस्त येणी अमुक कोटी आहेत. त्यांपैकी गेल्या वर्षात किती वसूल झाली, कितीची तरतूद केली, आणि सगळ्यात मोठ्या पाच कंत्राटांचा अपेक्षित एकूण खर्च वर्षभरात किती बदलला?’ शेवटचा भाग मुद्दाम घाला. उत्तर बहुधा ‘व्यावसायिक गोपनीयता’ असं येईल. मग निदान एकूण बदल विचारा, तो सांगायला गोपनीयता आड येत नाही.

लाभांश न मिळणं, शेअर हस्तांतर अडकणं, माहिती दडवणं अशा तक्रारी आधी कंपनीकडे लेखी करा. उत्तर आलं नाही तर सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर नोंदवा. तिथे कंपनीला २१ दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पोर्टलवर जाताना कंपनीला पाठवलेला ईमेल, त्याची तारीख आणि डीमॅटचा तपशील हाताशी ठेवा, नाहीतर तक्रार अर्धवट म्हणून परत येते.